न मोडलेल्या हाडाचा हिशेब

मलकापूर नावाची गावं महाराष्ट्रात एकाहून जास्त आहेत. बुलढाण्यातलं रेल्वेच्या प्रवाशांना ठाऊक असतं, शाहूवाडीतलं आंबा घाटानं कोकणात उतरणाऱ्यांना. इथे बोलायचंय ते कराडला खेटून, पुणे-बंगळूर महामार्गाच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या मलकापूरबद्दल. चोवीस तास मीटरनं पाणी देणारं छोटं शहर म्हणून त्याचं नाव झालं खरं; पण साताऱ्याच्या दक्षिणेकडच्या आणि सांगलीच्या उत्तरेकडच्या खेड्यांतल्या माणसासाठी मलकापूर म्हणजे कृष्णा हॉस्पिटल. जयवंतराव भोसले यांनी उभ्या केलेल्या या संस्थेचं वैद्यकीय महाविद्यालय 1984 साली सुरू झालं. तेव्हापासून पाटण, कराड, कडेगाव, वाळवा, शिराळा इथले कितीतरी मोडलेले हातपाय बरे व्हायला महामार्गाच्या कडेला येऊ लागले.

अशा कुठल्याही मोठ्या रुग्णालयात अस्थिरोग विभागाबाहेर बसलेली माणसं पाहिली तर त्यांचे सरळ दोन गट पडतात. एक मोटारसायकलवरून पडलेल्या पोरांचा. दुसरा सत्तरीच्या आसपासच्या बायांचा, आणि या बाया कशावरूनच पडलेल्या नसतात. न्हाणीत पाय सरकला, उंबऱ्याला अडखळल्या, रात्री लघवीला उठताना तोल गेला. घरचे सांगतात, ‘पडल्या म्हणून खुबा मोडला.’ वैद्यकशास्त्राचं म्हणणं वेगळं आहे. उभ्या उंचीवरून पडून ज्याचं हाड मोडतं त्याचं हाड आधीच ठिसूळ झालेलं असतं. पडणं हे फक्त निमित्त. आणि खुबा मोडणं ही साधी गोष्ट नाही. खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांपैकी साधारण पाचांत एक जण वर्षभरात जातो, असे आकडे देशोदेशीच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा आलेत. पुरुषांत हे प्रमाण बायकांपेक्षाही जास्त. जे उरतात त्यांतले बरेच जण आधीसारखं स्वतःच्या पायानं अंगणात जात नाहीत.

शस्त्रक्रिया होते, रॉड किंवा प्लेट बसते, टाके निघतात, आणि सगळे सुटल्यासारखे घरी जातात. ज्या ठिसूळपणानं हाड मोडलं त्याचं काय, हा प्रश्न घरी जाणाऱ्या रिक्षात नसतो. डिस्चार्ज कार्डावर कॅल्शियमची गोळी लिहिलेली असते, तीही महिन्याभराची.

ज्यांना पुढचं औषध लिहून दिलं जातं, त्यांच्याही घरात ते फार काळ टिकत नाही. ‘गोळी गरम पडते.’ ‘पोटात आग होते.’ ‘एकदा लागली की सुटत नाही.’ नातू मोबाइलवर बघतो आणि सांगतो की या गोळीनं जबड्याचं हाड कुजतं आणि मांडीचं हाड आपोआप मोडतं. हाड मोडू नये म्हणून घ्यायची गोळी आणि तिनंच हाड मोडणार? मग पाकीट फडताळात जातं.

या भीतीची टिंगल करायचा माझा विचार नाही. नातवानं वाचलेलं खोटं नसतं. पण ते अर्धंच असतं, आणि उरलेलं अर्धं कुणी सांगत नाही याचं कारण त्याला चेहरा नसतो. गोळीनं ज्याचं काही बिघडलं तो माणूस दाखवता येतो, त्याचा एक्स-रे दाखवता येतो. गोळीमुळे ज्या बाईचा खुबा मोडला नाही, तिला स्वतःलाही ते कधी कळत नाही. ती नेहमीसारखी दळण आणायला जाते. औषधाचं वजन करायला बसलो की एका पारड्यात दिसणारी माणसं असतात आणि दुसऱ्यात न घडलेल्या घटना. त्या न घडलेल्या घटना मोजायच्या तर आकड्यांखेरीज मार्ग नाही, म्हणून थोडे आकडे सोसावे लागतील.

या औषधांतला सगळ्यात जुना आणि स्वस्त गट बिस्फॉस्फोनेटांचा. अलेंड्रोनेट, रायसेड्रोनेट, आयबँड्रोनेट, झोलेड्रोनेट ही त्यातली नावं. आपलं हाड मेलेल्या दगडासारखं नसतं. काही पेशी जुनं हाड खातात, काही नवं भरतात, आणि हे जन्मभर चालतं. पाळी गेल्यावर खाणं वाढतं, भरणं मागे पडतं. बिस्फॉस्फोनेट हाडाला चिकटून बसतं आणि खाणाऱ्या पेशींना आवरतं. याचा शोधही गमतीचा. पाण्यातल्या क्षारांचा थर नळात बसू नये म्हणून जी रसायनं वापरात होती, त्यांच्या भाऊबंदांवर स्वित्झर्लंडमधले हर्बर्ट फ्लाइश आणि त्यांचे सहकारी काम करत होते, आणि 1969 साली त्यांनी दाखवून दिलं की ती हाडाचं झिजणंही रोखतात. साबण बनवणाऱ्या एका कंपनीचा त्यात हातभार होता.

अलेंड्रोनेटची मोठी चाचणी 1996 साली प्रसिद्ध झाली. मणका आधीच दबलेल्या 2,027 बायकांपैकी निम्म्यांना गोळी दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी निरुपयोगी गोळी, आणि सुमारे तीन वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. खरी गोळी न मिळालेल्या शंभरांत 15 जणींचा नवा मणका दबला. गोळी घेणाऱ्यांत 8 जणींचा. खुब्याचे आकडे होते शंभरांत 2.2 आणि 1.1.

हा शेवटचा आकडा दोन तऱ्हांनी सांगता येतो. औषध कंपनीचा माणूस म्हणेल, खुबा मोडण्याचा धोका निम्म्यावर आला. खोटं नाही. पण मला कुणी आमच्या घरातल्या म्हातारीसाठी विचारलं तर मी सांगेन की तीन वर्षं शंभर जणींनी गोळी घेतली तर एकीचा खुबा वाचतो आणि सात जणींचे मणके वाचतात. बाकीच्यांचं गोळीविना जे झालं असतं तेच होतं. दुष्परिणाम मात्र आपण नेहमी माणसं मोजून सांगतो आणि फायदा टक्क्यांच्या घसरणीत सांगतो, किंवा बरोबर उलटं करतो. ज्याला जे विकायचं असेल तसं. दोन्ही पारड्यांत एकच माप वापरायचं, एवढी अट पाळली तरी निम्मं भांडण मिटतं.

त्या मापानं मांडीच्या हाडाकडे पाहू. बिस्फॉस्फोनेट बरीच वर्षं घेतल्यावर क्वचित मांडीचं हाड मधोमध, आडव्या रेषेत, फारसा धक्का न लागता मोडतं. अमेरिकेच्या औषध नियामकांनी 2010 साली याचा इशारा औषधाच्या माहितीपत्रकात घालायला लावला. तिथल्या वाहिन्यांनी तो उचलून धरला, आणि त्याच सुमाराच्या काही वर्षांत त्या देशात या गोळ्यांचा खप निम्म्याहून खाली आला. अमेरिकेत खुबा मोडण्याचं प्रमाण त्याआधी वर्षानुवर्षं उतरत होतं. 2012 नंतर ते उतरणं थांबलं. एकामुळेच दुसरं झालं असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, पण योगायोग म्हणून सोडूनही देता येत नाही.

नेमका हिशेब 2020 साली हाती आला. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या कैसर पर्मनंटे या आरोग्यसंस्थेनं 1,96,129 बायकांच्या नोंदी तपासल्या. मांडीची अशी मोडतोड 277 जणींची झाली होती. गोऱ्या बायकांत, दहा हजार जणींनी तीन वर्षं गोळी घेतली तर 149 खुबे वाचतात आणि 2 मांड्या मोडतात. आशियाई वंशाच्या बायकांत 91 खुबे वाचतात, 8 मांड्या मोडतात. आपल्या वाचकानं हा दुसरा आकडा लक्षात ठेवावा. ‘आशियाई’ या एका शब्दात चीन-जपानपासून आपल्यापर्यंत सगळे कोंबलेले असतात, त्यामुळे तो जसाच्या तसा साताऱ्याला लावू नये. पण गोऱ्या बायकांचा 149 ला 2 हा ऐटदार हिशेब आपल्याला आयता लागू होतो, असंही समजू नये. तरीही 91 आणि 8. याच अभ्यासात आणखी दोन गोष्टी दिसल्या. हा धोका गोळीच्या वर्षांबरोबर वाढत जातो, आणि गोळी थांबवली की झपाट्यानं उतरतो.

म्हणजे प्रश्न ‘घ्यावी की न घ्यावी’ इतकाच नसून ‘किती वर्षं’ हाही आहे. 2006 साली छापून आलेल्या एका चाचणीत पाच वर्षं अलेंड्रोनेट घेतलेल्या बायकांचे दोन गट केले. एकीकडे गोळी थांबवली, दुसरीकडे आणखी पाच वर्षं चालू ठेवली. खुब्यात वगैरे फरक पडला नाही. त्रास देणाऱ्या मणक्याच्या मोडण्यात पडला: 5.3 आणि 2.4 टक्के. म्हणून आता बहुतेक डॉक्टर तीन ते पाच वर्षांनी थांबून पुन्हा तपासतात आणि ज्यांचा धोका उतरलाय त्यांना सुट्टी देतात. ‘एकदा लागली की सुटत नाही’ हे या गोळीबद्दल तरी चुकीचं आहे. उलट, सुटायला हवी असताना सोडवायला कुणी सांगितलं नाही म्हणून आठ-दहा वर्षं घेत राहणाऱ्या बाया सापडतात. त्यांना मांडीत किंवा जांघेत खोलवर ठणका सुरू झाला तर ‘वात असेल’ म्हणून तेल चोळत बसू नये. दोन्ही मांड्यांचा एक्स-रे काढावा. तिथे चीर आधी दिसते, हाड नंतर मोडतं.

जबड्याची गोष्ट आपल्या भागात वेगळ्या कारणानं महत्त्वाची आहे. जबड्याचं हाड उघडं पडून न भरणं हा दुष्परिणाम 2003 पासून चर्चेत आहे. पण तो मुख्यतः कर्करोगाच्या रुग्णांत दिसला, ज्यांना हीच औषधं कितीतरी मोठ्या मात्रेत आणि महिन्या-महिन्याला दिली जातात. हाडांच्या ठिसूळपणासाठी दिलेल्या मात्रेत तो वर्षाला दहा हजार ते एक लाख माणसांमागे एक इतका क्वचित असल्याचा अंदाज आहे. मग आपण का काळजी करायची? कारण कृष्णाकाठच्या आणि डोंगरावरच्या खेड्यांत साठीच्या पुढच्या कितीतरी बाया आजही मिश्री लावतात. भाजलेल्या तंबाखूनं चोळलेल्या हिरड्या, हलणारे दात, किडकी मुळं. दात दुखला की उपटायचा, एरवी दातांच्या डॉक्टरकडे जायचं नाही. जबडा बिघडण्याची शक्यता वाढते ती औषध चालू असताना दात काढण्यानं आणि तोंडातल्या जुन्या संसर्गानं. अमेरिकेतल्या माहितीपत्रकात हा धोका तळाशी, बारीक अक्षरात असेल. इथे तो पहिल्या दिवशी, पहिल्या वाक्यात सांगायला हवा. उपायही सोपा आहे. औषध सुरू करण्याआधी दात तपासायचे, काढायचे ते काढून जखम भरू द्यायची. मलकापूरला त्यासाठी लांबही जावं लागत नाही, दंत महाविद्यालय त्याच आवारात आहे.

हे दोन दुर्मीळ दुष्परिणाम सगळ्या चर्चेत भाव खाऊन जातात, आणि जो रोजचा, घरोघरचा आणि टाळण्यासारखा आहे तो बाजूला राहतो. अलेंड्रोनेटची गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते. हे 1996 सालीच वैद्यकीय नियतकालिकात आलं होतं. म्हणून ती आठवड्यातून एकदा, सकाळी अनशापोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची, आणि नंतर अर्धा तास काही न खाता-पिता, आडवं न होता बसायचं किंवा फिरायचं. कागदावर सोपं आहे. प्रत्यक्षात साताऱ्या-सांगलीच्या घरात सकाळचा पहिला घोट चहाचा असतो. चहाबरोबर गोळी गेली तर ती जवळजवळ शोषलीच जात नाही. गोळीनंतर लगेच चहा घेतला तरी तेच. आजी पहाटे उठतात, घोटभर पाण्यानं गोळी गिळतात, दिवस उजाडायला वेळ आहे म्हणून पुन्हा पडतात. मग छातीत जळजळ. मग ‘गरम पडली’. औषधाचा गुण शून्य आणि अवगुण पुरता. लिहून देणाऱ्यानं दोन मिनिटं काढून चहाचं विचारलं असतं तर यातलं बरंच काही टळलं असतं. ज्यांना हे पाळणं जमणार नाही, ज्यांना ताठ बसता येत नाही किंवा गिळायला त्रास आहे, त्यांच्यासाठी वर्षातून एकदा शिरेतून दिलं जाणारं झोलेड्रोनेट आहे.

त्याचा हिशेब बराच मोठा, पण थोडक्यात सांगतो. 2007 सालच्या चाचणीत तीन वर्षांत मणके मोडण्याचं प्रमाण 10.9 वरून 3.3 टक्क्यांवर आलं आणि खुब्याचं 2.5 वरून 1.4 वर. पहिल्या सलाईननंतर तीन दिवसांत जवळजवळ तिघींत एकीला ताप, अंगदुखी, कणकण अशा तक्रारी झाल्या. दुसऱ्या वर्षी हे प्रमाण बरंच खाली आलं. ‘इंजेक्शननं आजारीच पडले’ म्हणून दुसऱ्या वर्षी न जाणाऱ्या बायांना हे आधी सांगितलेलं नसतं. त्याच चाचणीत हृदयाचे ठोके गंभीरपणे अनियमित होण्याचं प्रमाण 0.5 ऐवजी 1.3 टक्के दिसलं, तेही सांगायला हवं. मूत्रपिंड अधू असेल तर हे औषध द्यायचं नाही, आणि ड जीवनसत्त्व व कॅल्शियम कमी असेल तर आधी ते भरून काढायचं. त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या एका चाचणीत, खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांच्या आत हे औषध मिळालेल्यांतले 9.6 टक्के लोक पुढच्या काळात दगावले, न मिळालेल्यांतले 13.3 टक्के. डिस्चार्ज कार्डावर महिन्याभराचं कॅल्शियम लिहून सोडलेली जी बाई वर आली, तिच्या बाबतीतला हा आकडा आहे.

डेनोसुमॅब हे सहा महिन्यांनी कातडीखाली घ्यायचं इंजेक्शन. गुणकारी आहे, मूत्रपिंड थोडं अधू असलं तरी चालतं, मात्र डायलिसिसवरच्या रुग्णांत रक्तातलं कॅल्शियम जीवघेणं उतरू शकतं असा ठळक इशारा अमेरिकेत जानेवारी 2024 मध्ये दिला गेला. पण माझ्या मते त्याचा खरा धोका औषधात कमी आणि आपल्या घरांच्या रचनेत जास्त आहे. बिस्फॉस्फोनेट थांबवलं तरी हाडात मागे उरतं. डेनोसुमॅब उरत नाही. इंजेक्शन चुकलं की हाड खाणाऱ्या पेशी सूड घेतल्यासारख्या जाग्या होतात आणि काहींचे एकापाठोपाठ अनेक मणके दबतात. आता आई सहा महिने कराडला, चार महिने पुण्याला धाकट्याकडे, आणि मुलीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला. फाइल कुणाकडे आहे ते कुणालाच माहीत नाही. 2020 च्या टाळेबंदीत हाच प्रश्न जगभर उभा राहिला, तेव्हा हाडांच्या डॉक्टरांच्या संघटनांना ‘हे इंजेक्शन लांबवू नका’ असं खास कळवावं लागलं. ज्या घरात तारीख पाळणारं एक ठरलेलं माणूस नाही, तिथे हे औषध सुरूच करू नये, आणि थांबवायचं असेल तर त्याच्या जागी दुसरं काय द्यायचं हे आधी ठरवून थांबवावं.

एवढं सगळं लिहिल्यावर उलट बाजूनंही लिहायला हवं. या औषधांची गरज नसलेल्या माणसांच्या गळ्यात ती बांधली जातात, हेही तितकंच खरं. सभागृहात ‘मोफत हाडांची तपासणी शिबिर’ भरतं, टाच एका यंत्रात ठेवायला लावतात, आणि पाच मिनिटांत उणे 2.7 अशी चिठ्ठी हातात पडते. जागतिक आरोग्य संघटनेनं 1994 साली ठरवलेली उणे 2.5 ची रेघ, जिच्याखालचं हाड ‘ठिसूळ’ म्हणायचं, ही डेक्सा या क्ष-किरण यंत्रावर मोजलेल्या घनतेसाठी आहे. टाचेच्या ध्वनिलहरींच्या यंत्राला ती लागू होत नाही. शिवाय ती रेघ तरुण गोऱ्या बायकांच्या हाडांवरून आखलेली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या वीणा शत्रुघ्न आणि सहकाऱ्यांनी 2005 साली तिथल्या गरीब वस्तीतल्या 30 ते 60 वयाच्या 289 बायका तपासल्या, तर खुब्याच्या मानेशी 29 टक्के जणींची हाडं ‘ठिसूळ’ आणि आणखी 52 टक्क्यांची ‘विरळ’ निघाली. त्यात यंत्राच्या मापाचा दोष किती आणि जन्मभराच्या अर्धपोटी कष्टांचा किती, हे भांडण अजून चालू आहे. मला दुसऱ्याचा वाटा मोठा वाटतो. पण तिशीतल्या बाईला त्यावर अलेंड्रोनेट हे उत्तर नाही. 1998 साली अलेंड्रोनेटच्या चाचणीचा दुसरा भाग आला, मणका न दबलेल्या बायकांचा. त्यात ज्यांची घनता उणे 2.5 च्या वर होती त्यांना गोळीचा फायदा दिसलाच नाही. ज्यांना फायदा नाही त्यांच्यासाठी एक लाखात एक दुष्परिणामही महाग.

आणि ‘ड’ची पुडी. साठ हजार युनिटची पुडी दुधातून आठवड्याला घ्यायची, इथवर ठीक. पण सहा लाखांचं इंजेक्शन ‘ताकदीचं’ म्हणून टोचून घेणारे आपल्याकडे कमी नाहीत. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या 2,256 बायकांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट ड जीवनसत्त्व देऊन पाहिलं गेलं. 2010 साली निकाल लागला: ज्यांना ते मिळालं त्या जास्त पडल्या आणि त्यांची हाडं जास्त मोडली. याची मात्र भीती कुणाला वाटत नाही. जीवनसत्त्व ना, मग त्याला कसला साईड इफेक्ट?

वजन करायचंच तर म्हातारीच्या पिशवीतली सगळी औषधं बाहेर काढायला हवीत. सांधेदुखीवर कुणाकडून तरी आणलेल्या बिननावाच्या पुड्या, ज्यांनी एका दिवसात गुण येतो. त्यात अनेकदा स्टेरॉइड असतं, आणि हाडं ठिसूळ करणाऱ्या औषधांत स्टेरॉइडचा नंबर पहिला. अॅसिडिटीची रोजची गोळी, जी तीन वर्षांपूर्वी पंधरा दिवसांसाठी दिली होती. झोपेची गोळी, ज्यामुळे रात्री उठताना झोक जातो. रक्तदाबाच्या गोळीची वाढलेली मात्रा, उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी. हाडाच्या गोळीची धास्ती घेणारं घर या चार गोष्टींकडे ढुंकून पाहत नाही. यांतली एखादी कमी केली तर हाडं वाचतात आणि पैसेही.

आता ज्या गोष्टीनं मला हा लेख लिहावासा वाटला तिच्याकडे येतो. रेठरे बुद्रुकच्या कृष्णा कारखान्यासारख्या इथल्या साखर कारखान्यांच्या फडात बीडहून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे बीडचे आकडे आले: ऊसतोडीला जाणाऱ्या 82,309 बायकांच्या पाहणीत 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. सहांत एक. त्यांतल्या कितीतरी चाळिशीच्या आतल्या. त्या वेळी राग होता तो आगाऊ उचल आणि सुट्टीच्या दिवशीचा दंड (खाडा) यांच्या जाचावर आणि पैशासाठी पोट फाडणाऱ्यांवर, आणि तो रास्तच होता. पण गर्भाशयाबरोबर अंडाशयही गेलं की पाळीनंतरची हाडांची झीज पस्तिशीतच सुरू होते. डोक्यावर मोळी, खाली ओला फड, आणि आतून पोकळ होत जाणारा कणा. या बाया आणखी पंधरा-वीस वर्षांनी एखाद्या अस्थिरोग विभागाबाहेरच्या बाकावर असतील.

त्यांच्यासाठी आजच देता येण्याजोगं औषध आहे. लवकर पाळी गेलेल्या बाईला, स्तनाच्या कर्करोगासारखी अडचण नसेल तर, साधारण नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन द्यावेत असं शास्त्र सांगतं. पण 2002 साली अमेरिकेतली 16,608 बायकांची चाचणी दुष्परिणामांमुळे मध्येच थांबवली गेली आणि हार्मोन हा शब्दच बदनाम झाला. त्या बायकांचं सरासरी वय 63 होतं. दहा हजारांत वर्षाला स्तनाचे 8 कर्करोग जास्त आणि 5 खुबे कमी, हा हिशेब त्रेसष्टीचा. तो पस्तिशीतल्या ऊसतोड बाईच्या पारड्यात टाकणं म्हणजे दुसऱ्याचा वजनकाटा वापरणं. साठीतल्या बाईचं भय तिला लागू केलं जातं, आणि साठीतल्या बाईला मिळणारी तपासणी मात्र तिला मिळत नाही.

दुसऱ्या टोकाला पंच्याऐंशीच्या आजी आहेत. ‘आता या वयात कशाला?’ असं पोरं म्हणतात, प्रेमानंच. अनेक चाचण्यांचे आकडे एकत्र करून 2022 साली काढलेला हिशेब असा: हाडं ठिसूळ झालेल्या शंभर बायकांनी बिस्फॉस्फोनेट घेतलं तर एकीचं हाड वाचायला साधारण एक वर्ष लागतं. ज्यांच्यापुढे तीन-चार बरी वर्षं दिसताहेत त्यांच्यासाठी ‘कशाला’ला उत्तर आहे, अंथरुणाला खिळून शेवटचे महिने मोजणाऱ्यांसाठी नाही, तिथे गोळी खुशाल बंद करावी. मात्र हे ठरवताना आजींना विचारावं. त्यांना मांडीच्या त्या दुर्मीळ धोक्यापेक्षा परस्वाधीन होण्याची धास्ती जास्त असते, असा माझा अनुभव आहे. काहींना उलट वाटतं: आणखी एक गोळी नको, न्हाणीत पकडायला दांडी बसवून दे. तीही चांगली निवड आहे. दांडी, रात्रीचा दिवा, मोतीबिंदूची वेळेवर शस्त्रक्रिया, टाचेला पट्टा असलेली चप्पल आणि खुर्चीवरून हात न टेकता उठण्याचा रोजचा सराव यांना या गोळ्यांचे दुष्परिणाम नाहीत.

सरकारचं पारडं मात्र एकाच बाजूला झुकलेलं आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजना रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांचा खर्च उचलते. आठवड्याची गोळी आणि डेक्सा तपासणी घरच्या पैशानं. मोडल्यावर लाखाची सोय, मोडू नये म्हणून शंभराची नाही. ग्लासगोमध्ये 1999 पासून एक साधी पद्धत आहे: पन्नाशीपुढचं कुणीही हाड मोडून आलं की एक परिचारिका त्याची नोंद घेते, घनता तपासते, औषध सुरू झालं का आणि चालू आहे का याचा पाठपुरावा करते. यंत्रं नवी लागत नाहीत, एक वही आणि एक जबाबदार माणूस लागतं. मलकापूरसारख्या ठिकाणी, जिथे एकाच आवारात अस्थिरोग, दंत आणि भौतिकोपचार तिन्ही शिकवले जातात, हे करणं अवघड नाही.

ते होईल तेव्हा होवो. तोवर ज्या घरात आईचं मनगटाचं, मणक्याचं किंवा खुब्याचं हाड एकदा मोडलंय, किंवा तिची उंची तरुणपणापेक्षा चार-एक सेंटिमीटरनं घटलीय, त्या घरानं पुढच्या खेपेला डॉक्टरांना एवढं विचारावं: पुढचं हाड मोडू नये म्हणून काय देताय, ते कसं घ्यायचं, आणि कधी थांबवायचं?